टप्प्याची गाडी आणि कराराची गाडी

रस्त्यावरून उतारू नेणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीला आपण सरसकट बस म्हणतो. इंग्रजीत मात्र बस आणि कोच असे दोन शब्द आहेत. कामगारांत हिंडणारे आम्ही लोक हा भेद पुष्कळ वर्षे केवळ चैनीचा समजत होतो. कोच म्हणजे गुबगुबीत आसनांची, पडद्यांची, पोटात सामान घेणारी गाडी; बस म्हणजे दांडीला धरून उभ्याने जाण्याची. पण एसटीच्या शिवनेरीतही गार हवा असतेच की! तेव्हा भेद आसनांत नाही.

तो आम्हांस दाखवला एका म्हातारीने. २०२१च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. आम्ही संपकऱ्यांच्या बाजूचे. पुणे-नगर रस्त्यावरील एका फाट्यावर ती भेटली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या संपानं आमची गाडी बंद. पण त्या काचेच्या गाड्या तर पळत्यात. त्या मला का घेत नाहीत?" त्या महाग असतात, असे आम्ही सांगितले. ती म्हणाली, "पैसे हायेत माझ्यापाशी." आम्ही निरुत्तर झालो आणि घरी येऊन मोटार वाहन कायदा उघडला.

आमची शाळा थोडी. कायदा बोट ठेवून वाचावा लागतो. १९३९च्या कायद्यात होता तोच भेद १९८८च्या कायद्यात आहे. एक टप्पा वाहतुकीची गाडी : चालक सोडून सहांहून अधिक उतारू, प्रत्येकाचे भाडे वेगळे, सबंध प्रवासाचे किंवा त्यातल्या टप्प्यांचे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरांचा. दुसरी कराराची गाडी : सबंध गाडी ठरलेल्या रकमेस घ्यायची, आणि करारात नसलेला उतारू वाटेत चढवायचा नाही, उतरवायचा नाही. म्हणजे म्हातारीला टाळून जाणारा चालक माणुसकीने उणा असेल वा नसेल, कायद्याने त्याला थांबताच येत नव्हते.

गंमत अशी की 'बस' हा 'ऑम्निबस' या शब्दाचा तुटलेला शेपटा आहे, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी'. लंडनमध्ये जॉर्ज शिलिबीरने १८२९ साली घोड्यांची ऑम्निबस काढली, तेव्हा आधी जागा न राखता कोणीही वाटेत चढावे, हीच तिची नवलाई होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी गेली, तीही याच जातीची.

ही जात पत्करली की ओझीही पत्करावी लागतात. वेळापत्रक लावायचे, ठरल्या दराने न्यायचे, उतारू चार असले तरी गाडी सोडायची. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून फुकट आणि बायकांना २०२३पासून अर्ध्या तिकिटात नेण्याची सवलत सरकारने दिली, ती एसटीत. कराराच्या गाडीवर यातले ओझे नाही. प्रत्यक्षात मात्र अशा कितीएक गाड्या माणशी तिकीट विकतात, आणि 'करार' कागदावर राहतो. सणासुदीला त्यांचे भाडे किती चढते हे श्रोत्यांना आम्ही काय सांगावे? २०१८ साली राज्य सरकारला त्यावर एसटीच्या दीडपटीची मर्यादा घालावी लागली.

संपाच्या काळात सरकारने खाजगी गाड्यांना टप्पा वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली. आमच्या पाहण्यात त्या हमरस्त्यावर आणि मोठ्या स्थानकांतून भरून गेल्या; आडवाटेच्या गावात शिरलेली आम्हांस एकही दिसली नाही. मुभा मिळाली तरी ओझे कोण घेतो? आणि संप करणाऱ्या आम्हांलाही हे कबूल केले पाहिजे, की मुंबई-पुण्याच्या माणसाला त्या महिन्यांत दुसरी गाडी मिळाली, म्हातारीला मिळाली नाही. मागणी न्याय्य असूनही तिची झळ तिलाच अधिक बसली.

तिच्या गावची गाडी मुक्कामी होती. रात्री यायची, चालक-वाहक देवळात पथारी टाकायचे, पहाटे दूधवाले आणि शाळेची पोरे घेऊन निघायची. संप मिटल्यावर ती पुन्हा सुरू झाली, पण मुक्काम गेला. आता दुपारची एक फेरी तेवढी येते.