‘ब्लॉक’ म्हणजे ब्लॉकेज नव्हे

शिरूरच्या आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी ईसीजी काढला. कागदावर छापून आलं: ‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’. संध्याकाळी दौंडला आतेभावाचा फोन. ‘‘दादा, आईच्या हृदयात ब्लॉक निघालाय. स्टेंट टाकावा लागेल का रे?’’

नाही. स्टेंट लागतो तो रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजला. तो नळाचा बिघाड; हा वायरिंगचा.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून दर ठोक्याला विजेचा इशारा निघतो. खालच्या कप्प्यांत उतरण्याआधी तो ‘एव्ही नोड’ या छोट्या गाठीपाशी जरासा रेंगाळतो. तेवढ्यात वरचं रक्त खाली येतं. ही गाठ जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ साली जगापुढे आणली.

ईसीजीच्या कागदावरची एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. या प्रवासाला पाच चौकटींहून, म्हणजे ०.२ सेकंदांहून जास्त वेळ लागला, की तो फर्स्ट डिग्री ब्लॉक. दौंडकरांना हे समजायला सोपं: गाडी आउटर सिग्नलला थांबते, पण जंक्शनात येते, एकही रद्द होत नाही. सेकंड डिग्रीत काही गाड्या सिग्नललाच अडकतात. थर्ड डिग्रीत एकही पुढे सरकत नाही. तिथे बहुधा पेसमेकर लागतो. नुसत्या पहिल्या प्रकाराला सहसा उपचार लागत नाहीत.

मग बघायचं काय? रोजच्या गोळ्या. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, वेरापामिल, डिगॉक्सिन ही औषधं एव्ही नोडवरचा मुक्काम वाढवतात. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा रक्तात उतरून नाडी मंद करू शकतात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही बीपीच्या गोळीचं नाव सांगायला हवं.

पण ‘ब्लॉक’ वाचून घाबरून गोळी आपल्या मनाने सोडू नये. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली, तर नाडी आणि बीपी उसळतात. हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू शकतं. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील. चक्कर, शुद्ध हरपणं, फार मंद नाडी किंवा दम लागणं, यांपैकी काही झालं तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि जुना ईसीजी जपून ठेवा. उशीर वाढतोय का, हे जुन्या-नव्या रेघा शेजारी ठेवल्यावरच कळतं. थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत पुसट होते. आजच मोबाइलवर तिचा फोटो काढा.