एका लहरीवर अनेकांचे निरोप



कोंकणांत ओढ्यावर टाकलेल्या अरुंद साकवावरून एका वेळीं एकच माणूस जाऊं शकतो. पलीकडून कोणी येत असला तर अलीकडचा थांबतो. तेथें शिपाई लागत नाहीं, कीं घंटा लागत नाहीं. हौशी बिनतारीवाल्यांच्या वांट्यास आलेली प्रत्येक लहर म्हणजे असाच एक साकव होय. ती कोणा एकाच्या मालकीची नसते, आणि एका वेळीं तीवर एकानेंच बोलावयाचें असतें. माणसें तोंडानें बोलतात तोंवर हें सहज जमतें. दुसऱ्याचा आवाज कानीं पडला कीं आपण थांबतों. परंतु बोलणारा माणूस नसून संगणक असेल, आणि त्याला अक्षरी निरोप पाठवावयाचे असतील, तर पाळी कोणी लावावयाची?

हा प्रश्न निकडीनें उभा राहिला तो हवाई बेटांत. तेथील विद्यापीठाचा संगणक ओआहू बेटावर, आणि त्याचा उपयोग करूं इच्छिणारे लोक इतर बेटांवरही. नॉर्मन ॲब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं ‘अलोहा’ नांवाची बिनतारी योजना चालू केली. तिचा नियम ऐकून हंसूं येईल. प्रत्येकानें मनास येईल तेव्हां आपला निरोप लहानशा पुडक्याच्या रूपानें सोडून द्यावा. मुख्य यंत्राकडून पोंच आली तर उत्तम. न आली तर कोणाशीं तरी टक्कर झाली असें समजावें, आणि फांसा टाकून येईल तितका वेळ थांबून तेंच पुडकें पुन्हां सोडावें. त्या फांशांतच सारें मर्म आहे. दोघेही ठराविक तीनच सेकंद थांबले, तर पुन्हां एकमेकांवर आदळणार हें उघड आहे. ही व्यवस्था चालली. पण हिशेब असें सांगतो कीं, अशा रीतीनें लहरीच्या एकूण वेळेपैकीं फार तर १८ टक्के वेळ सत्कारणीं लागतो. त्यापुढें अधिक पुडकीं सोडीत गेल्यास पोंचणारीं पुडकीं उलट कमी होतात.

हौशी लोकांनीं ही पुडक्यांची रीत उचलली. कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथें १९७८ च्या मे महिन्यांत पहिलीं हौशी पुडकीं हवेंत गेलीं. पुढें व्हँकुव्हर व अमेरिकेंतील टूसॉन येथील मंडळींनीं संगणक आणि बिनतारी संच यांच्यामध्यें बसणारी छोटी पेटी सिद्ध केली. आणि १९८४ सालीं ‘एएक्स.२५’ या नांवानें सर्वांनीं पाळावयाचे नियम छापले गेले. ही पेटी मजकुराचे दोन स्वर करते, एक सेकंदाला १२०० कंपनांचा व दुसरा २२०० कंपनांचा. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे १५० बाइट. एका पुडक्यांत मजकूर सामान्यतः २५६ बाइटपर्यंत मावतो. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, काना-मात्रा धरून, तीन बाइट लागतात. तेव्हां मराठी निरोपाचीं अवघीं ८५ चिन्हें एका पुडक्यांत बसतील! एवढें पुडकें जावयास सुमारें दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ साकव अडलेला असतो.

पुडक्याच्या माथ्यावर घेणाऱ्याचें व देणाऱ्याचें संकेतनांव, पोटांत मजकूर, आणि शेवटीं एक ताळा. घेणारें यंत्र ताळा पुन्हां मांडून पाहतें; जुळला तर पोंच देतें, न जुळला तर पुडकें टाकून देतें. हवाईच्या रीतीहून येथें एक सुधारणा आहे: पेटी आधीं कान देते. लहर मोकळी झाली तरी ती लगेच बोलत नाहीं, कारण खोळंबलेले चारजण असतील तर ते चारही एकदम तोंड उघडतील. म्हणून ती मनांतल्या मनांत फांसा टाकते. प्रचलित मांडणींत चारांत एक अशी संधि असते. दान पडलें तर बोलावें, न पडल्यास सेकंदाचा दहावा हिस्सा थांबून पुन्हां फांसा टाकावा.

पण कान देणें पुरतें केव्हां? सर्वांस सर्वांचें ऐकूं येत असेल तेव्हांच. डोंगराच्या अलीकडे एक हौशी, पलीकडे दुसरा, आणि माथ्यावर दोघांचीं पुडकीं पुढें धाडणारें यंत्र, अशी कल्पना करा. त्या दोघांस एकमेकांचा आवाज येत नाहीं. दोघेही कान देतात, दोघांनाही शांतता भासते, दोघेही सभ्यपणें बोलूं लागतात. आणि माथ्यावरील यंत्रास नुसता कोलाहल ऐकूं येतो. पोंच नाहीं, म्हणून दोघेही पुन्हां पाठवितात आणि गर्दी आणखी वाढते. सुधारलेली रीत पुन्हां अलोहाच्या पायरीवर येते. शिवाय माथ्यावरील यंत्र त्याच लहरीवर बोलत असल्यामुळें एकच निरोप साकव दोनदां अडवितो. पुरावादळांत तारा तुटतात आणि या लहरीवर भिस्त येऊन पडते, तेव्हांच नेमकें सर्वांस एकदम बोलावयाचें असतें. म्हणून हा दोष केवळ पुस्तकी नव्हे.

माथ्यावरील यंत्रानें एका लहरीवर ऐकून त्याच क्षणीं दुसऱ्या लहरीवर तें बोलून दाखवावें, म्हणजे कोणी बोलतें आहे हें सर्वांस कळतें. उपाय चांगला, पण खर्चाचा. १९९० सालीं फिल कार्न या अमेरिकन हौशी अभियंत्यानें वेगळी युक्ति सुचविली. मोठें पुडकें सोडण्यापूर्वीं चिठ्ठी पाठवून ‘येऊं का?’ असें विचारावें आणि ‘या’ असें उत्तर आल्यावरच निघावें. तें ‘या’ ज्यांस ऐकूं येईल त्यांनीं तेवढा वेळ गप्प बसावें. बोलणारा ऐकूं आला नाहीं तरी ऐकणारा ऐकूं येतो, ही यांतील खुबी मला फार आवडते. घरोघरच्या वाय-फाय यंत्रांतही अशीच सोय ठेवलेली आहे.

बॉब ब्रूनिंगा यांनीं घडविलेल्या ‘एपीआरएस’ योजनेंत स्थान व हवामान यांच्या वार्तांपुरता पोंचेचा आग्रहच सोडला आहे. वार्ता हरवली तर थोड्या वेळानें नवी येईलच. उत्तर अमेरिकेंत यासाठीं १४४.३९० मेगाहर्ट्झ ही एकच लहर सर्वांस सामाईक आहे.

हौशी लहरीवर अर्थ लपविण्यासाठीं गुप्त लिपि वापरण्यास मनाई आहे, आणि पुडक्यावर धन्याचें संकेतनांव असतेंच. त्यामुळें कोणाचें यंत्र दर दहा सेकंदांस उगाच बोलत आहे, हें सर्वांस दिसतें. मग त्यास शेजाऱ्याचें एक पुडकें येतें: कृपा करून मधला अवधि वाढवावा.