देशी द्राक्षं, घरची वायनरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इटलीच्या सरकारी नोंदवहीत वाइनच्या द्राक्षांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कित्येक एखाद्या खोऱ्याबाहेर कुणाला ठाऊकही नसतात. अशा जाती जपणाऱ्यांमध्ये मास्त्रोबेरार्दीनो हे घराणं मोठं मानलं जातं. नेपल्सच्या पूर्वेला कम्पानिया प्रांतात इर्पिनिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या आत्रिपाल्दा गावात १८७८पासून त्यांची वायनरी आहे. लाल वाइनसाठी आल्यानिको आणि पांढरीसाठी फिआनो व ग्रेको, ही त्यांची मुख्य द्राक्षं. ‘देशी वाण, घरचा धंदा’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक गोड चित्र उभं राहतं. त्यातलं खरं किती, ते पाहू.

गैरसमज १: देशी वाण त्या मातीत आपोआप टिकून राहतो.

वस्तुस्थिती: द्राक्षाचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. वाण टिकतो तो काडीवरून. म्हणजे जुन्या वेलीची काडी कुणी नव्याने लावलीच नाही, तर त्या वेलींबरोबर वाणही संपतो. फिआनोवर ही वेळ जवळजवळ आलीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या दक्षिणेत भरघोस पीक देणाऱ्या त्रेब्बियानो, सांजोव्हेजे अशा जाती लावण्याकडे ओढा होता. हिशेब सोपा होता: एकरी उतारा जास्त, पैसा लवकर. आंतोनियो मास्त्रोबेरार्दीनो यांनी तो हिशेब नाकारला आणि फिआनो, ग्रेको, आल्यानिको यांच्याच बागा वाढवल्या. त्यांचं निधन २०१४मध्ये झालं. आज इर्पिनियात या जाती सर्रास दिसतात, त्यामागे त्यांचा हा हट्ट आहे.

गैरसमज २: देशी म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत देशी.

वस्तुस्थिती: बहुतेक ठिकाणी मूळ अमेरिकन असतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी बारीक कीड अमेरिकेतून युरोपात आली. १८७९मध्ये ती इटलीत सापडली. अमेरिकन वेलींची मुळं तिला तोंड देतात, म्हणून त्यांच्या खुंटावर युरोपीय जातींचं कलम करण्याची पद्धत पडली. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना यात नवल वाटणार नाही. खारवट जमीन आणि पाण्याची ओढ यांवर उपाय म्हणून तेही डॉगरिज जातीच्या खुंटावर हव्या त्या वाणाचं कलम भरतात. घडाची जात ठरते ती वरच्या काडीवरून. ज्वालामुखीच्या वाळूसर मातीत मात्र फिलॉक्सेराचं फारसं चालत नाही. त्यामुळे कम्पानियात काही ठिकाणी स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजून आहेत.

गैरसमज ३: दक्षिण इटली म्हणजे रणरणतं ऊन, आणि तिथली वाइन म्हणजे नुसती जड.

वस्तुस्थिती: नेपल्सचा समुद्रकिनारा आणि इर्पिनिया यांत नकाशावर फार अंतर नाही, पण हवा पार वेगळी. इथल्या बागा डोंगरउतारांवर आहेत, काही पाचशे मीटरच्याही वर. हिवाळ्यात बर्फ पडतं, उन्हाळ्यातही रात्री गार होतात. आल्यानिको मुळातच उशिरा पिकणारं द्राक्ष. त्याची तोडणी ऑक्टोबरअखेरीस, कधी नोव्हेंबरातही चालते. एवढा वेळ वेलीवर राहूनही त्याची आंबटधार कमी होत नाही, आणि सालीतला तुरटपणाही भरपूर असतो. म्हणून आल्यानिकोपासून होणारी ताउरासी ही वाइन कोवळी असताना जीभ आखडून टाकते. नियमानुसार ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते आणि त्यातलं निदान एक वर्ष लाकडी पिंपात. या घराण्याची १९६८ची ताउरासी जाणकार आजही नावाजतात.

गैरसमज ४: पांढरी वाइन वर्षभरात संपवायची असते.

वस्तुस्थिती: पुष्कळ पांढऱ्या वाइनच्या बाबतीत हे खरं आहे. चांगली फिआनो मात्र काही वर्षं ठेवली तर खुलते. ताजेपणीचा फळाफुलांचा वास मागे पडतो आणि हेझलनट, मध, किंचित धुराची छटा पुढे येते.

गैरसमज ५: पाँपेईत दोन हजार वर्षांपूर्वीची वाइन पुन्हा जन्माला आली.

वस्तुस्थिती: यामागचं संशोधन खरं आहे, निष्कर्ष मात्र ताणलेला. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेईतल्या बागाही गाडल्या गेल्या. मुळं कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्हेल्मिना जाशेम्स्की यांच्या पथकाने त्या पोकळ्यांतले खडे काढून आत सिमेंट ओतलं. ते घट्ट झाल्यावर भोवतीची माती दूर केली, तेव्हा मुळांचे हुबेहूब साचे हाती आले. वेली कुठे होत्या, दोन वेलींत अंतर किती होतं, हे त्यावरून कळलं. वाण कोणता, हे साचा सांगू शकत नाही. मास्त्रोबेरार्दीनो यांनी १९९०च्या दशकात पुरातत्त्व खात्याबरोबर तिथे बागा लावल्या. त्यासाठी पिएदिरोस्सो आणि शाशिनोझो या स्थानिक जाती निवडल्या, त्या जुने ग्रंथ, भित्तिचित्रं आणि आजच्या वाणांचा अभ्यास करून. २००१च्या पहिल्या हंगामातून सुमारे १,७०० बाटल्या निघाल्या. वेलींची मांडणी रोमन, पण वाइन तयार झाली ती आजच्याच पद्धतीने. रोमन लोक वाइनमध्ये पाणी, मध, मसालेही घालत. त्यांचा पेला आपल्याला कदाचित ओळखूही आला नसता.

गैरसमज ६: घरची वायनरी म्हणजे लहानशी आणि एकदिलाची.

वस्तुस्थिती: मास्त्रोबेरार्दीनो यांच्या बागा शेकडो एकरांवर आहेत आणि माल देशोदेशी जातो. धंदा घरचा, म्हणजे मालकी आणि निर्णय घरात. त्यात वाटण्याही आल्या. १९९०च्या दशकात भाऊ वेगळे झाले. नाव आणि जुनं तळघर आंतोनियो यांच्याकडे राहिलं. त्यांचे भाऊ वॉल्टर यांनी वाट्याला आलेल्या बागांवर तेरेदोरा ही स्वतःची वायनरी उभी केली. घर फुटलं, पण द्राक्षांचं नुकसान झालं नाही. दोन्ही घरं त्याच जाती लावत राहिली.

गैरसमज ७: सरकारी दर्जाची पट्टी असली की चव हमखास उत्तम.

वस्तुस्थिती: इटलीचा सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, ताउरासीला १९९३मध्ये मिळाला, फिआनो दि आवेल्लीनो आणि ग्रेको दि तूफो यांना २००३मध्ये. या दर्जामुळे वाइनचा मुलूख, द्राक्षाची जात आणि मुरवण्याची मुदत यांची हमी मिळते. तिन्हींत मुख्य जात किमान ८५ टक्के असावी लागते, म्हणजे थोडी मिसळ नियमातच बसते. बाटली बाजारात येण्यापूर्वी तिची चाचणीही होते, पण ती किमान पात्रतेची. वाइन कुणाला आवडेल, हे कुठलंच खातं ठरवत नाही.

तरीही या दर्जाचा एक फायदा रोकडा आहे. नावाला भाव आला की शेतकऱ्याला कमी उताऱ्याचं द्राक्ष परवडतं. आंतोनियोंनी फिआनो लावला तेव्हा त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत होतं. आज शेजारच्या शेतकऱ्यालाही तीच काडी लावणं फायद्याचं वाटतं. देशी वाण वाचवायचा तर त्याचा अभिमान बाळगून भागत नाही. त्याची वाइन चांगली करावी लागते आणि योग्य भावाने विकावी लागते.