भट्टीला न जमणारं काम

भोसरीच्या रस्त्यांवर डांबराखाली जी खडी पसरलेली असते, ती मोशीच्या किंवा आसपासच्या तशाच एखाद्या खाणीतली, म्हणजे काळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेल्या या दगडात वजनाने जवळपास दहा टक्के लोखंड असतं. दहा किलो दगडात किलोभर! पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा लोखंडावर पोट भरतो आणि उभाही लोखंडावरच आहे. पण या दगडातलं एक ग्रॅमही इथल्या कारखान्यांच्या कामाचं नाही. बेसाल्टमधलं बरंचसं लोखंड सिलिकॉन, ऑक्सिजन, मॅग्नेशियमच्या जाळ्यात अणूअणूने अडकलेलं आहे. ते सोडवायचा खर्च कुणालाच परवडणार नाही.

म्हणून धातुक लांबून आणावं लागतं. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड आणि आपल्याच गडचिरोलीतलं सुरजागड. तिथल्या चांगल्या धातुकात साठ टक्क्यांहून अधिक लोखंड असतं. एवढं शुद्ध ते झालं कसं, ही गोष्ट मला कारखान्यातल्या कुठल्याही यंत्राहून अचाट वाटते. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत लोखंड विरघळलेलं होतं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि समुद्रातलं लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, थरावर थर. पुढे कोट्यवधी वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्यातली सिलिका धुऊन नेली. आपण खणतो तो निसर्गाने निवडून ठेवलेला माल आहे.

आणि आपण काय करतो? पुन्हा सगळं एकत्र कालवतो.

मोटार म्हणजे पोलादाचा पत्रा, बीडाचं इंजिन, ॲल्युमिनियम, काच, रबर, प्लॅस्टिक आणि दहा-वीस किलो तांबं. हे तांबं वायरिंगमध्ये असतं, स्टार्टरमध्ये असतं, काच वरखाली करणाऱ्या छोट्याशा मोटरीतही असतं. या सगळ्यात खरा पेच तांब्याचा.

तो समजायला आधी चांगली बाजू पाहू. प्रेस शॉपमध्ये दरवाजे, बॉनेट छापून झाल्यावर उरणारी पत्र्याची कतरण जवळजवळ शुद्ध लोखंडच असते. तिचे दाबून गठ्ठे करतात आणि ते फाउंड्रीत जातात. इंडक्शन भट्टीत टनाला साधारण सहाशे युनिट वीज लागते, कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण जुळवलं जातं, हवं तर चिमूटभर मॅग्नेशियम, आणि कालच्या दरवाज्याच्या कतरणीतून उद्याचा क्रँकशाफ्ट ओतला जातो. धातुकापासून नवं पोलाद करताना टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापुढे हा व्यवहार स्वस्तच. शिवाय लोखंड कितीही वेळा वितळवा, ते म्हातारं होत नाही.

आता पोलादाच्या भट्टीत वायरिंगसकट भंगार टाका. वितळलेल्या लोखंडातली घाण काढायची पोलाद कारखान्यांची मुख्य युक्ती एकच आहे: ऑक्सिजन फुंकायचा. सिलिकॉन, मँगॅनीज, फॉस्फरस ऑक्सिजनशी जोडले जाऊन मळीबरोबर वर येतात, कार्बन वायू होऊन उडून जातो. तांबं मात्र ढिम्म हलत नाही. ऑक्सिजनची ओढ त्याला लोखंडापेक्षा कमी. भट्टीतलं सगळं लोखंड जळून जाईल, पण तांबं तसंच उरेल. एकदा विरघळलेलं तांबं पोलादातून बाहेर काढण्याची परवडणारी पद्धत आजतागायत कुठल्याही कारखान्याकडे नाही.

बरं, राहिलं तर बिघडलं काय? लाटण्यासाठी पोलाद बाराशे अंशांपर्यंत तापवतात तेव्हा पृष्ठभागावरचं लोखंड खपली होऊन जातं आणि मागे राहिलेल्या तांब्याचा पातळ थर साचतो. तांबं १०८५ अंशाला वितळतं. ते पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि लाटताना पत्रा तडकतो. बांधकामाच्या सळईला ०.४ टक्के तांबं चालून जातं, पण गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला ०.१ टक्काही जड होतो. म्हणजे एका गाडीतलं दहा किलो तांबं दहा टन पोलादाला पुरतं. (फाउंड्रीवाले इथे हसतील. काही जातींच्या बीडात ताकदीसाठी ते मुद्दाम तांबं घालतात. पण त्या बीडाचा पत्रा होत नाही.) एकदा बिघडलेल्या पोलादाला उपाय एकच, त्यात ताजं लोखंड ओतून तांबं पातळ करणं. आणि ते ताजं लोखंड पुन्हा खाणीतूनच येणार.

तेव्हा तांबं भट्टीच्या आधीच निघायला हवं. मोठे श्रेडर गाडीचे तुकडे करून चुंबकाने लोखंड उचलतात, पण काचेच्या मोटरीचं कवच लोखंडी, तांबं त्याच्या पोटात. चुंबक हे कवच पोटासकट उचलतो. तिथे पाना-पक्कड घेतलेला माणूसच लागतो. चिखली-कुदळवाडीच्या भंगार गोदामांत वर्षानुवर्षं हे काम चाललं. बाजाराच्या भावासाठी तांबं वेगळं करणारे हात धातुशास्त्राला न जमलेलं काम करत होते, आणि त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. पण तिथं वारंवार आगी लागत, वायरवरचं प्लॅस्टिक जाळून तांबं काढलं की निघणारा धूर विषारी, आणि सांडलेलं तेल जाणार कुठे, तर नाल्यांतून इंद्रायणीकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने इथली हजारो बांधकामं पाडली. तक्रारी खऱ्या होत्या. पण पत्र्याच्या शेडबरोबर एक कसबही विखुरलं, असं मला वाटतं. आता नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रं उभी राहत आहेत आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. त्या केंद्रांत पाना धरायला कुदळवाडीचे हात घेतले गेले तर बरं.

लोखंडासारखं नशीब सगळ्यांचं नसतं. ओतकामाचे साचे करायला वाळूत बेंटोनाइट माती मिसळतात. आपल्याकडची ही माती मुख्यतः कच्छची, तीही दख्खनच्याच लाव्ह्याचं रूप बदलून झालेली. तिचा चिकटपणा टिकतो तो तिच्या कणांत रचनेनेच बांधलेल्या पाण्यामुळे. तापलेल्या धातूला भिडलेल्या थरातून ते पाणी कायमचं निघून जातं. मग कितीही भिजवा, ती चिकटत नाही. कारागीर तेवढी जळकी वाळू काढून नवी माती घालतात. काढलेल्या वाळूचे काळे ढीग विटा-पेव्हरब्लॉकमध्ये जाऊ शकतात. पण लोखंडासारखं पुन्हा पहिलं रूप त्या मातीला नाही.

दरम्यान चाकणला विजेवरच्या गाड्या बनू लागल्या आहेत. त्यांत तांबं साध्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट असतं आणि त्यातला काही वाटा मोटरच्या गाभ्यात, पोलादाच्या पातळ चकत्यांमध्ये घट्ट भरून वरून रेझिनने डकवलेला. त्या गाड्या भंगारात यायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत. तो गाभा उकलता येईल असा घडवायचा की नाही, हे मात्र आजच्या ड्रॉइंगवर ठरतं आहे.