तारा लावण्याआधी जबड्याचं माप?

परीक्षा संपल्या की दातांना तारा लावून घेणाऱ्या मुलांची दवाखान्यांत गर्दी होते. अशा वेळी काही पालकांना सांगितलं जातं, आधी जबड्याच्या सांध्याची नेमकी जागा मोजून घ्या, नाहीतर पुढे सांधा दुखेल. हा धाक मला मान्य नाही.

कानांच्या अगदी पुढे बोटं टेकवून सावकाश तोंड उघडा. एक उंचवटा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे सरकतो. ते खालच्या जबड्याचं टोक, कॉन्डाइल. कवटीच्या खोबणीत, एका पातळ चकतीखाली ते बसतं.

ते मोजण्याची जुनी रीत सुंदर आहे. गरम पाण्यात मऊ केलेलं मेण दातांत ठेवायचं, डॉक्टरांनी हनुवटी धरून जबडा सांध्याच्या 'खऱ्या' जागी न्यायचा. मग प्लास्टरचे दात आर्टिक्युलेटर नावाच्या यंत्रावर चढतात. सांध्याच्या ठिकाणी चौकटींचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर एक ठिपका मेणातल्या स्थितीचा, दुसरा नेहमीच्या चाव्याचा. दोघांतलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचतात. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या रोनाल्ड रॉथ यांनी हा काटेकोरपणा तारांचे उपचार करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टांमध्ये रुजवला.

पण 'खरी' जागा कोणती? पूर्वी ती खोबणीत सर्वांत मागे मानत. 1987 साली दंतशास्त्राच्या अमेरिकी परिभाषाकोशानं ती वर आणि पुढे नेली. 2005 च्या आवृत्तीत या एकाच जागेच्या सात व्याख्या छापल्या गेल्या. त्याच 1987 साली मिशिगनच्या एका ज्युरीनं, तारांच्या उपचारांमुळे सांधा बिघडला असं मानून, एका तरुणीला साडेआठ लाख डॉलर भरपाई देवविली. व्यवसायात भीती पसरली आणि संशोधनालाही जोर आला. तारांमुळे सांधेदुखी होते किंवा टळते, असा भरवशाचा पुरावा त्यातून निघाला नाही.

मला सर्वांत पटतं ते पर्थच्या संजीवन कंदासामी यांचं काम. रॉथ यांच्या पद्धतीसह वेगवेगळ्या रीतींनी चावा नोंदवला, तर कॉन्डाइल खरंच ठरवलेल्या जागी जातं का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 19 जणांच्या एमआरआयवर पाहिलं. 2013 साली निष्कर्ष आला: कॉन्डाइल हवं तिथे नेमकं बसवता येतं, हा दावा टिकत नाही. माणसं थोडी, पण प्रश्न मुळावरच बोट ठेवणारा. कागदावरचे ठिपके दहाव्या भागापर्यंत मोजले, तरी सांध्याच्या आत काय घडलं ते त्यातून कळत नाही.

आता सीबीसीटी या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनचा जमाना आहे. त्यात हाड छान दिसतं, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो. शिवाय काहीही त्रास नसलेल्या अनेकांचं कॉन्डाइलही खोबणीच्या मधोमध नसतं. मग निव्वळ जागा पाहण्यासाठी वाढत्या मुलाला क्ष-किरण का द्यायचे?

जबडा अडकत असेल, सांधा दुखत असेल, हनुवटी एका बाजूला सरकत असेल किंवा जबड्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तपासणी जरूर करावी. तोंड मिटताना जबडा घसरतो का, हे तर प्रत्येक मुलात पाहायलाच हवं. डॉक्टरांच्या हाताला ते मिनिटभरात कळतं. त्रास नसताना स्कॅन सुचवला गेला, तर पालकांनी एवढंच विचारावं: या मापामुळे माझ्या मुलाच्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे? उत्तर मिळेपर्यंत स्कॅनला होकार देऊ नये.