दूरच्या संगणकाची शिट्टी



गॅसवर दूध ठेवले की आई बजावते, "लक्ष ठेव रे, उतू जाईल!" कुकर लावल्यावर मात्र असे कोणी बजावत नाही. काम झाले की कुकर आपण होऊन शिट्टी देतो. आपण बाहेरच्या खोलीत खुशाल अभ्यास करावा, शिट्ट्या तेवढ्या मोजाव्यात. दूध आणि कुकर यांतला हा फरक संगणकाच्या जगातही फार महत्त्वाचा आहे.

काही गणिते संगणकालाही क्षणात सुटत नाहीत. त्यांना तासन्‌तास लागतात. अशी गणिते पुष्कळदा दूरच्या एखाद्या शक्तिशाली संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चालवतात. आपण आपल्या टेबलावरून फक्त आज्ञा पाठवायची. त्यासाठी 'एसएसएच' नावाची सुरक्षित जोडणी वापरतात. ती १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी तयार केली. म्हणजे आता कुकर आपल्या स्वयंपाकघरात नाही. तो दुसऱ्या गावी मावशीकडे चढवला आहे. मग शिट्टी ऐकू कशी येणार?

हा प्रश्न किती खरा आहे हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांना एका मोठ्या संगणकावर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढा वेळ मिळाला होता. गणित सुरू करून आम्ही निश्चिंत मनाने घरी गेलो. सोमवारी पाहतो तो काय, साठवणीची जागा भरल्यामुळे गणित चौथ्या मिनिटालाच थांबलेले! दोन दिवस वाया गेले. चूक लहानशीच होती, पण ती आम्हाला कळलीच नाही.

वारंवार डोकावणे

"मधून मधून पाहायचे होते," असे तुम्ही म्हणाल. समजा, आपण दर ३० मिनिटांनी पाहिले. काम केव्हाही संपू शकते, म्हणून ते संपल्यापासून आपल्याला कळेपर्यंत सरासरी १५ मिनिटे जातील. दर मिनिटाला पाहिले तर हा वेळ अर्ध्या मिनिटावर येईल, पण मग दुसरे कामच होणार नाही! उलट संदेशाला वेळ किती लागतो ते पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटर अंतराला फक्त २००वा भाग सेकंद. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला तरी तो फारसा वाढत नाही. तेव्हा सर्व्हरनेच हाक मारावी, हे उत्तम.

सातव्या क्रमांकाची घंटी

पूर्वी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर असत. महत्त्वाची बातमी आली की त्यांची घंटी वाजे. ही घंटी वाजवणारा संकेत तारेतून अक्षरांसारखाच येई. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी 'आस्की' ही संकेतावली ठरली, तेव्हा त्या घंटीला ७ हा क्रमांक मिळाला. आजही कीबोर्डवर कंट्रोल आणि 'जी' या कळा एकत्र दाबल्या की हाच संकेत तयार होतो. 'जी'चा क्रमांक ७१. कंट्रोल कळ त्यातून ६४ वजा करते. ७१ − ६४ = ७. आहे ना गंमत?

सर्व्हरने ७ क्रमांक पाठवला की तो इतर अक्षरांबरोबर जोडणीतून आपल्याकडे येतो आणि आपला संगणक घंटी वाजवतो किंवा पडद्यावर खूण दाखवतो.

शिट्टी कोणाच्या घरी?

लिनक्स संगणकांवर 'नोटिफाय-सेंड' नावाची आज्ञा असते. ती पडद्याच्या कोपऱ्यात सूचनेची चौकट दाखवते. पण नवशिके येथेच फसतात. ही आज्ञा सर्व्हरवर दिली, तर ती चौकट सर्व्हरच्याच पडद्यावर दाखवू पाहते, आणि सर्व्हरला बहुधा पडदाच नसतो! शिट्टी मावशीच्या घरी झाली, त्याचा आपल्याला काय उपयोग?

उपाय सोपा आहे. आपल्याच संगणकावर एका ओळीत दोन आज्ञा लिहायच्या. पहिली, 'एसएसएचने सर्व्हरवर अमुक काम कर'. मग अर्धविराम. दुसरी, नोटिफाय-सेंड. सर्व्हरवरचे काम संपेपर्यंत पहिली आज्ञा थांबून राहते; ती संपली की दुसरी आपल्या पडद्यावर सूचना देते.

अर्धविरामाऐवजी 'अँड'चे चिन्ह दोनदा लिहिण्याची पद्धतही आहे. पण मग पहिले काम यशस्वी झाले तरच दुसरी आज्ञा चालते. काम बिघडले तर शांतता! आणि 'अजून चालू आहे' याचीही खूण शांतताच. आमची फसगत नेमकी अशीच झाली असती. म्हणून यश असो वा अपयश, सूचना आलीच पाहिजे.

यश की अपयश हे कसे ओळखावे? प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. ० म्हणजे काम यशस्वी. दुसरा कोणताही अंक म्हणजे काही बिघाड. एसएसएच सर्व्हरवरच्या आज्ञेचा हा अंक जसाच्या तसा आपल्यापर्यंत आणते. खुद्द एसएसएचच अडखळले, उदाहरणार्थ जोडणी तुटली, तर २५५ हा अंक मिळतो. हा अंक सूचनेत छापला की एका नजरेत उलगडा होतो.

जोडणी तुटल्यावर सर्व्हरवरचे कामही बंद पडू शकते. म्हणून फार लांबलचक कामे 'टीमक्स'सारख्या कार्यक्रमात सुरू करतात. मग जोडणी तुटली तरी काम चालू राहते. मात्र अशा वेळी आपल्याकडे आलेला २५५ काम संपल्याचे सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पुन्हा जोडणी करून पाहावे.

करून पाहा

शाळेतील लिनक्स संगणकावर 'स्लीप १०' असे लिहा, मग अर्धविराम, मग नोटिफाय-सेंड आणि अवतरणात 'झाले' हा शब्द. (आज्ञा आणि अंक अर्थातच रोमन लिपीत लिहावेत.) दहा सेकंदांनी काय होते ते पाहा. नंतर स्लीपचे स्पेलिंग मुद्दाम चुकवा आणि अर्धविराम व दोन 'अँड' यांतला फरक स्वतः पडताळून घ्या. कोणत्या वेळी संगणक गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही काय लावला असता, हे वहीत जरूर लिहा.