उपसलेले पाणी सोडायचे कुठे?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले आणि वैनगंगा गोंदिया-भंडाऱ्यातल्या काठच्या गावांत शिरली. धानाच्या बांध्या बुडाल्या, माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. अशा वेळी जो तो एकच म्हणतो: पंप लावा, पाणी काढा.

अग्निशमन दलाला मात्र पंप सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. आधी अडकलेली माणसे. मग वीज, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: उपसलेले पाणी सोडायचे कुठे? नदी चढली की नाल्यांना फुगवटा येतो आणि पाणी उलटे वस्तीत शिरते. तिथे कितीही पंप लावा, तेच पाणी फिरून येते. म्हणून पूर ओसरू लागेपर्यंत उपसा होतो तो रुग्णालय, वीज उपकेंद्र, तळघर अशा घेरता येणाऱ्या जागांचा.

त्यालाही वेळ लागतो. 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद तळघरात मीटरभर पाणी म्हणजे तीन लाख लिटर. मिनिटाला हजार लिटर ओढणारा पंप अखंड चालला तर पाच तास, तेही बाहेरून झिरपणे थांबले असेल तर. मुंबईत हाजी अलीच्या उपसा केंद्रात सेकंदाला सहा हजार लिटरचे सहा पंप आहेत. ते काम बंबाच्या पंपाकडून होणार नाही. त्यासाठी कायमची यंत्रणाच उभारावी लागते.

पंप काठावर ठेवून पाणी ओढायचे, तर व्यवहारात सात-साडेसात मीटरच्या खालचे पाणी वर येत नाही, कारण पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. त्याहून खोल असेल तर पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबल पंप लागतो. सक्शन पाइपच्या तोंडाची जाळी दोरीने बांधून अधांतरी धरतात. तळाला टेकली तर गाळ, प्लास्टिक, तणस अडकते. फार वर आली तर भोवरा होऊन पंप हवा धरतो. जाळीपाशी एक माणूस सतत लागतो. इंजिनाचा पंप तळघरात कधीच उतरवत नाहीत, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत जीव घेतो.

घाईही घातक ठरते. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना तळघर एकदम रिकामे केले, तर बाहेरच्या दाबाने भिंत आत ढासळू शकते. पातळी टप्प्याटप्प्याने उतरवतात, ती याच कारणाने.

उपशाची खरी तयारी पावसाळ्याआधीच व्हायला हवी. नाले मोकळे हवेत, पंप चालवून पाहिलेले हवेत आणि वरच्या धरणातून विसर्ग वाढल्याची खबर गोंदियाच्या दलापर्यंत कित्येक तास आधी पोचायला हवी. नागरिकांनी 101 वर फोन करताना पाणी किती खोल आहे, कोणी अडकले आहे का, वीज चालू आहे का आणि जवळचा वाहता नाला कोणत्या बाजूला आहे, एवढे सांगितले तरी दलाला कोणता पंप आणि किती लांबीचे पाइप घेऊन निघायचे ते आधीच ठरवता येते.